लागर, लोणचं आणि आमचं नगर

अमेरिकेत राहणारा भाचा सुटीवर येताना काय घेऊन येईल, याचा अंदाज एव्हाना तमाम मराठी मामांना आलेला आहे. बदामांची पिशवी, चॉकलेटांचा डबा, मामीला न शोभणाऱ्या रंगाची पर्स आणि मामाच्या पोटावर न बसणारा टी-शर्ट, एवढ्यावर ही यादी आटोपते. पण त्या वर्षी संक्रांतीच्या आधी आमचे भाचेबुवा नागापूरला उतरले ते बॅगेत दोन वेगळ्याच पुड्या घेऊन. एकीत हिरवट कांड्या होत्या, दुसरीत तपकिरी भुकटी.

"अरे, गुरांचा खुराक कशाला आणलास इतक्या लांबून?" कांड्यांचा वास घेत हिनं विचारलं.

"मामी, हे हॉप्स. आणि हे यीस्ट. मामा, आपण लागर लावू या."

मला ऐकू आलं, 'लगोर लावू या'. सत्तरी ओलांडलेल्या मामाबरोबर लगोऱ्या खेळायला पोरगं मिलवॉकीहून आलं, या विचारानं मला भरून आलं. मी चपट्या दगडांच्या शोधात अंगणात जाणार, तेवढ्यात त्यानं खुलासा केला. लागर म्हणजे बीअर. आपल्याकडे बाटलीतून जी विकली जाते ती बहुतेक सगळी लागरच. पिणाऱ्याला ते ठाऊक नसतं इतकंच. मोलियरच्या नाटकातल्या त्या गृहस्थाला आपण जन्मभर गद्य बोलतोय हे ठाऊक नव्हतं, त्यातलाच प्रकार.

हा उद्योग मामाच्याच घरी का, असा प्रश्न तुम्हांला पडेल. मला पडला नाही. जे बापाच्या घरी चालत नाही ते मामाच्या घरी चालवायचं, ही आपली फार जुनी रीत आहे. (कंसाच्या घरचा अपवाद सोडा.) शिवाय आमच्या गॅलरीत एक जुना फ्रीज आहे. आणि जानेवारीतल्या रात्री नागापूरच्या माळावर थंडी बरी पडते. पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. सीनेकडून वारा सुटला की एम.आय.डी.सी.तून रात्रपाळी करून येणारी माणसं कानटोपीत अशी गुरफटलेली असतात की ओळखीची कोण आणि चोर कोण ते कळत नाही. भाचेबुवांनी म्हणे नकाशात तापमान पाहूनच सुटी घेतली होती.

मिलवॉकीत तो गॅरेजमध्ये हौसेनं बीअर करतो. ती साधी एल जातीची. लागर त्यालाही पहिलीच. म्हणजे शिष्य नवशिका आणि प्रयोगशाळा मामाची, असा योग होता. त्यानं कृती सांगायला सुरुवात केली. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि वाळवायचे. भरडून पासष्ट ते अडुसष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवायची, म्हणजे पिठाची साखर होते. गाळून घेतलेलं गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळायचं, म्हणजे कडवटपणा येतो. मग ते झटपट दहा अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडायचं. इथपर्यंत एल आणि लागर चुलत बहिणी. पण एल वीस अंशांच्या उबेत आठवड्याभरात आंबून मोकळी होते. लागरचं यीस्ट थंडीतच काम करतं, आणि तेही सरकारी गतीनं. दोन-तीन आठवडे आंबायचं, मग जवळजवळ शून्य अंशावर आणखी महिना-दीड महिना नुसतं पडून राहायचं.

हिनं पोह्यांना फोडणी देता देता हे सगळं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे बार्लीचं आंबील करायचं आणि मग त्याचं लोणचं घालायचं."

भाचेबुवा अवाक झाले. लागरची इतकी नेटकी व्याख्या मीही त्यानंतर कुठं वाचलेली नाही. 'लागर' हा शब्द जर्मन. त्याचा अर्थ साठवण, साठवणीची जागा. आपल्याकडे त्याला चांगला घरगुती शब्द आहे: मुरवणं. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, जमिनीत पाणी मुरतं, आणि खूप वर्षं एका कचेरीत काढली की कारकूनसुद्धा मुरतो. तशीच बीअर मुरली की तिची लागर होते.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. असल्या माणसासमोर कुणी नवा पदार्थ ठेवला तर तो आधी चाखत नाही, सनावळी विचारतो. तेव्हा पुढचे दोन दिवस भाचेबुवांनी बार्ली शोधली आणि मी लागरचा इतिहास शोधला. त्याला बार्ली मिळाली ती किराणा दुकानात, बाळंतिणीला आणि मूतखड्याला देतात ती, सालं काढलेली. तिला मोड येईनात. मला मात्र इतिहासाला भरपूर मोड आलेले मिळाले.

झालं असं, की १५१६ साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी फर्मान काढलं, बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यादीत यीस्टचं नावच नाही! कारण ते असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दही लावणाऱ्या बाईनं पाककृतीत 'दूध' एवढंच लिहावं आणि विरजणाचा उल्लेख गाळावा, तसं हे. मग १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यानं दुसरा हुकूम सोडला. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर करायला बंदी, कारण उन्हाळ्यात ती नासते. झालं! बीअर करायची ती हिवाळ्यातच, आणि उन्हाळ्यापर्यंत टिकवायची ती तळघरांत आणि गुहांत, तळ्यावरचा बर्फ कापून आणून त्याच्या संगतीत. जे यीस्ट थंडीला कंटाळलं ते मागे पडलं, जे गारठ्यातही रेटत राहिलं ते टिकलं. तळघरांवर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडं लावली. झाडाखाली सावली आणि सावलीखाली बीअर म्हटल्यावर लोक बाकडी टाकून बसणारच. म्यूनिकचे बीअरचे बगीचे असे उगवले. लागर कुणा एका माणसानं शोधली नाही. ती एका सरकारी बंदीतून निघाली. बंदीमुळं बीअर सुधारल्याचं जगाच्या इतिहासात दुसरं उदाहरण असेल, तर ते आमच्या महाराष्ट्रातलं नाही.

पुढची गोष्ट तर थेट गुप्तहेरांची. १८३३ साली म्यूनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर, दोघंही मद्यकारांचे चिरंजीव, इंग्लंडला शिकायला गेले. दिवसा कारखाने बघायचे आणि यजमानाची पाठ वळली की पोकळ हातकाठीत बीअरचा नमुना भरून घ्यायचा. रात्री खोलीवर परीक्षण. (हे वाचून मी माझी काठी नीट तपासून घेतली.) १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी योझेफ ग्रोल यानं पहिली सोनेरी, आरपार दिसणारी लागर काढली. आज बाटलीवर 'पिल्सनर' लिहितात ते त्या गावाच्या नावानं. मग याच झेडलमायरच्या आश्रयानं कार्ल फॉन लिंडे यानं १८७० च्या दशकात थंडी निर्माण करणारं यंत्र बसवलं. म्हणजे आमच्या गॅलरीतल्या फ्रीजचे आजोबा बीअरच्या कारखान्यात जन्मले. आणि १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यानं यीस्टची एक शुद्ध पेशी वेगळी करून वाढवली, आणि कार्ल्सबर्गनं ते विरजण इतरांनाही देऊन टाकलं. शेजारणीनं वाटीभर विरजण मागावं आणि आपण नाही म्हणू नये, एवढी माणुसकी कारखानदारांतही असते.

तिकडे हे चाललं असताना आपल्याकडे काय होतं? ऊन होतं. १८३३ सालीच, म्हणजे ते दोघं काठीत बीअर चोरत होते त्याच वर्षी, फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं बोस्टनहून १८० टन बर्फ जहाजात भरला आणि कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे शंभर टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. ज्या देशात थंडी जहाजातून मागवावी लागते, तिथं शून्य अंशावर दीड महिना बीअर मुरवणं हे कुणाला परवडणार? म्हणून गोऱ्या शिपायांसाठी विलायतेहून कडवट एल यायची. किंवा मग कसौली, सोलन, मरी अशा थंड डोंगरांत भट्ट्या घातल्या जायच्या. त्या उद्योगातलं मोठं नाव एडवर्ड डायर. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळ्या चालवणाऱ्या जनरल डायरचा हा बाप. बापाला बीअर थंड ठेवणं जमलं, मुलाला डोकं थंड ठेवणं जमलं नाही.

"मामा, हे सगळं ठीक," भाचेबुवा म्हणाले, "पण नगरचा आणि लागरचा काही संबंध?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

जर्मन भाषेत 'लागर'चा आणखी एक अर्थ होतो: छावणी. माणसं साठवून ठेवायची जागा. आणि हे दुसऱ्या अर्थाचं लागर आमच्या नगरात एकदा सोडून दोनदा लागलं. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हिंदुस्थानात असलेले जर्मन लोक, त्यांतले व्यापारी तसेच मिशनरी, उचलून नगरच्या छावणीत आणून ठेवले. युद्ध संपलं १९१८ साली, पण सगळ्यांची पाठवणी व्हायला १९२० उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९३९ साली नंगा पर्वताची पाहणी करून परतणारा हाइन्रिख हारर नावाचा ऑस्ट्रियन गिर्यारोहक कराचीत पकडला गेला आणि नगरला आला. पुढे त्याला देवळालीला आणि मग डेहराडूनला हलवलं. १९४४ च्या एप्रिलमध्ये तो डेहराडूनच्या छावणीतून निसटला, हिमालय ओलांडून १९४६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला आणि दलाई लामांचा शिक्षक झाला. 'तिबेटमधील सात वर्षं' हे त्याचं पुस्तक जगभर गाजलं.

आता गंमत ऐका. लागरच्या यीस्टचा एक पूर्वज कोण ते कैक वर्षं कुणाला उमगत नव्हतं. २०११ साली तो दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या जंगलात झाडांच्या गाठींवर सापडला. शास्त्रज्ञ म्हणाले, बघा, बव्हेरियाचं पाणी कुठून आलं! पण २०१४ साली चिनी संशोधकांनी त्याचीच आणखी जवळची जात शोधून काढली, आणि ती कुठं, तर तिबेटच्या पठारावर. म्हणजे जिथं लागरचं बीज जंगली वाढत होतं तिथं नगरच्या लागरातला माणूस पायी चालत गेला, आणि दोघांची ओळख झाली नाही. इतिहासात अशा चुकामुकी फार.

देवळालीचंही तसंच. तिथल्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन् महिने वाट बघून गोरे शिपाई भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे वेडगळ असा शब्दच रुजला. २००९ साली पुण्यात राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या छोट्या बीअर-भट्ट्यांपैकी एक निघाली, तिनं हेच नाव घेतलं. वाट बघून वेड लागतं, आणि वाट बघितल्याशिवाय लागर होत नाही, हे दोन्ही त्या एका नावात आलं.

आणि भुईकोट किल्ल्यात तर मुरवण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं काँग्रेसचे पुढारी तिथं आणून कोंडले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'भारताचा शोध' लिहिला. मौलाना आझाद स्वतः चहा करीत, चिनी पानांचा, बिनदुधाचा, आणि त्या चहावर उर्दूत असं लिहीत की आमचा दूध-साखर-आलं घातलेला पदार्थ लाजेनं कपातच आटावा. आमच्या गावाच्या हवेत घाईचं काही पिकत नाही. पाऊससुद्धा वेळेवर येत नाही. पण कोंडून ठेवलं की माणसं चांगली मुरतात.

इथपर्यंत आमचं बरं चाललं होतं. मग मी कायदा काढला.

कायद्यात आपण एके काळी जर्मनांच्याही पुढे होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर देखरेख करणारा 'सुराध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. तिथं मद्याचे प्रकार, त्यांची मापं, 'किण्व' म्हणजे आंबवण्याचं विरजण, सगळं नोंदलेलं आहे. आणि तो कडक माणूस, ज्यानं कर बसवायची एकही जागा सोडली नाही, तोही म्हणतो की कार्यप्रसंगी कुटुंबवत्सल माणसाला घरी पांढरी सुरा करू द्यावी, औषधासाठी अरिष्ट करू द्यावं, आणि उत्सव-यात्रेत चार दिवस सूट द्यावी. अमेरिकेला हे शहाणपण यायला १९७८ साल उजाडलं. तेव्हा अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं घरगुती बीअर संघराज्याच्या कायद्यात बसली. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. ब्रिटननं परवान्याची अट १९६३ सालीच काढली होती.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, पण कायदा जागचा हलला नाही. कारखाना काढायला परवाना, विकायला परवाना, इतकंच काय, प्यायलासुद्धा कायद्यानं परवाना लागतो. घरच्या पातेल्यात बीअर लावणाऱ्या हौशी भाच्यासाठी त्यात दार नाही. कौटिल्याची एक पळवाट तेवढी शिल्लक आहे: अरिष्टं आणि आसवं. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांत आंबल्यामुळं आपोआप मद्यार्क तयार होतो. माझी आजी रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घ्यायची, शक्तीसाठी. एकादशीला चार घ्यायची, उपासानं थकवा येतो म्हणून. तिला कुणी लागरची भक्त म्हटलं असतं तर तिनं पोळपाट फेकून मारला असता.

"मामा, पण वीस लिटर बीअर!" भाचेबुवा म्हणाले. "घरच्या घरी! कुणाला विकणार नाही. ह्यात वाईट काय आहे?"

मी पुस्तकातलं उत्तर शोधत होतो. पण ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "घरी केलेली, असं इथं बोलू नकोस, बाबा."

ती एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाकघर गप्प झालं.

शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तारखा पाठ करण्यात तरबेज. पानिपत विचारा, खर्डा विचारा, फाडकन उत्तर. एका सोमवारपासून तो यायचा बंद झाला. बाप हातभट्टीची पिऊन गेला होता. मुलगा टपरीवर कपबशा विसळायला लागला होता. मी त्याला पुन्हा वर्गात आणण्याचे दोन-तीन प्रयत्न केले. मग माझे पेपर तपासायचे राहिले होते, नंतर सुटी लागली. ती एक तारीख मला कधी पाठ करावी लागली नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यात, पांगरमलला, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या पार्टीत विषारी दारूनं माणसं गेली, तेव्हा मला तोच आठवला. जिल्ह्यातल्या बाया उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान करून गावातलं दुकान बंद पाडतात, त्यांना कुणी शास्त्र शिकवू नये. शास्त्र खरं आहे. नुसत्या आंबवलेल्या बार्लीनं कुणी मरत नाही, जीव घेते ती गाळलेली आणि भेसळ केलेली. पण मिलवॉकीत 'घरची' म्हटलं की हौस आठवते, आणि आमच्याकडे 'घरची' म्हटलं की पोलीस पंचनामा. शब्द तोच, त्यात मुरलेला इतिहास वेगळा.

आणि विचार करता मला असंही वाटलं, की लागर आणि हातभट्टी यांत फरक फक्त बार्ली आणि गुळाचा नाही. एकीत दोन महिने दम धरायचा असतो. दुसरी दम न धरवणाऱ्यांसाठी असते. करणाऱ्याला घाई, विकणाऱ्याला घाई, पिणाऱ्याला सगळ्यांत जास्त घाई.

भाचेबुवांनी दोन्ही पुड्या निमूटपणे बॅगेत ठेवल्या. नाहीतरी त्याचं गणित चुकलंच होतं. सुटी तीन आठवड्यांची आणि लागर दोन महिन्यांची. शिवाय दोन महिने अखंड वीज ही नागापुरात बव्हेरियातल्या बर्फाच्या गुहेइतकीच दुर्मिळ वस्तू.

त्याचा उतरलेला चेहरा हिला बघवेना. तिनं रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवलं. सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात ते सोडलं, लसूण-जिरं ठेचून घातलं, मीठ घातलं, ढवळलं. एका रात्रीत आंबील तयार. पोरानं तीन वाट्या प्याल्या आणि यीस्ट कुठलं, तापमान काय, असे प्रश्न विचारले. ती म्हणाली, "यीस्ट पातेल्यातलं आणि तापमान चुलीजवळचं." दुपारी तिनं त्याच्या हातून लिंबाचं लोणचं घालून घेतलं. लिंबं पुसून कोरडी कर, ओला हात लावू नकोस, बरणी उन्हात तापव. तो म्हणाला, "मामी, निम्मी बीअर तर तू आत्ताच शिकवलीस. आमच्याकडेही सगळ्यात आधी भांडी निर्जंतुक करायला सांगतात."

निघताना एक बरणी त्याच्या बॅगेत गेली. हिनं बजावलं, "अजून मुरलेलं नाही. दीड महिना झाकण उघडायचं नाही." मी त्यावर थोडं भाषण केलं. गुहा, ड्यूक, किल्ला, आणि धीर हाच लागरचा पाचवा घटक.

मार्चच्या अखेरीस फोन आला. तिकडे गेल्या गेल्या त्यानं गॅरेजमध्ये, कायद्यानं, लागर लावली होती.

"कशी झाली?"

"लोण्याचा वास येतोय, मामा. अजून दोन दिवस जरा उबेत ठेवायला हवी होती, म्हणजे यीस्टनं तो वास खाऊन टाकला असता. आणि मुरवायचे दहा दिवस मी आधीच काढून घेतले. राहवलं नाही."

"आणि लोणचं?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "ते शिकागोच्या विमानतळावरच उघडलं."

मी काही बोललो नाही. ही फोन माझ्या हातातून घेऊन त्याला रागावली, आणि मग नेमका तो प्रश्न विचारला, जो तिनं विचारू नये म्हणून मी महिनाभर देव पाण्यात घालून बसलो होतो:

"अरे, तिकडची बरणी तू उघडलीस ते समजलं. पण इथली अर्धी कुणी संपवली?"